आल्याच्या रानातला पैरा

"जरा वाकून उभ्या राहता का? तशाच… कुदळ हातात धरून."

आमच्या आल्याच्या रानात, बांधावर रंगांचा पसारा मांडून बसलेला एक अनोळखी माणूस मला म्हणाला. मला हसूच आलं. सकाळपासून वाकून कंबरडं मोडलंय, आणि हा म्हणतोय वाका!

"उभं ऱ्हायचं बी कामच हाय," मी म्हणाले. "आमच्यात पैरा असतो. मी तुमच्या कामाला, तुमी माझ्या. जमतंय का?"

"जमतंय की!" चपला काढून तो रानात उतरलासुद्धा.

नाव बिरुदेव. आटपाडीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. सांगलीत शाळेत चित्रकला शिकवायचा. सुट्टीत कोरेगावला मित्राकडे आला होता. सकाळी तो आमचं आलं काढायचा, दुपारी मी त्याच्यासमोर वाकून उभी राहायचे. त्यानं कुदळ मारली की गड्ड्याचे तुकडे ठरलेले. आई कपाळावर हात मारायची. मी मात्र… खोटं कशाला बोलू, मुद्दाम त्याच्याच शेजारची सरी धरायचे.

"मान हलवू नका."

"मग तसं बघू नका!"

"न बघता काढू कसं?"

चित्र पुरं झालं. त्यात आमचं रान, मागं डोंगर आणि मातीनं माखलेली मी. माझी मीच मला आवडले. पण चित्र झालं म्हणजे पैराही फिटला. रविवारी शिरवळच्या कंपनीतला मुलगा मला बघायला येणार होता, आणि आबा, म्हणजे माझे वडील, मनातून होकार देऊन मोकळे झाले होते. बिरुदेव मात्र काही बोलेना. मला रडूही येत होतं आणि रागही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर हा पुन्हा रानात!

"मास्तर, चित्र झालं न्हवं?" आबांनी विचारलं. "आता कसला पैरा?"

बिरुदेवनं कुदळ खाली ठेवली. "पैऱ्याला न्हाई आलो, आबा. क्रांतीला मागायला आलोय."

आबांनी हाताची माती झटकली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जात येगळी, भावकी लय बोलंल. तुझं काय म्हननं हाय?"

"बोलू द्या की. शिरवळकरांना येऊ नका म्हनावं."

आबांनी खिशातून फोन काढला. बिरुदेव अजून तसाच ताठ उभा.

"आवं… बसा की खाली," मी म्हणाले.

आमच्या घरात आई आबांना अशी हाक मारते. ते आम्हा तिघांच्याही ध्यानात आलं, आणि बिरुदेव पटकन सरीतच बसला.