बेबीला कळवू नका

"कोणी कळवलं तुला?"

ताईचा इस्त्रीचा हात बाहीवरच थांबला आणि कापड करपल्याचा वास सुटला, तेव्हा कुठे ती भानावर आली. लाँड्रीच्या दारात बेबी उभी होती… तिची धाकटी बहीण! हातात बॅग, डोळे सुजलेले, आत पाऊल टाकावं की नाही अशा संभ्रमात. बाबा गेल्यानंतर भांडून जी गेली, ती आज पहिल्यांदाच या दारात दिसत होती.

"मी कळवलं," मागच्या खोलीतून आई म्हणाली. "तुझ्या नाकावर टिच्चून कळवलं."

ताईने इस्त्री उभी केली. बाहीवर तपकिरी डाग उमटला होता. आजवर एकाही गिऱ्हाइकाचा कपडा तिने जाळला नव्हता.

"आई, मी तुला शपथ घातली होती…"

"शपथांनीच वाटोळं केलंय या घराचं!"

त्या घराची रीतच तशी होती. लांब असलेल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. ते तिकडे एकटं काय करणार, उगीच जिवाला घोर! आजोबांचा पाय मोडला हे आत्याला कळलं ते आजोबा चालायला लागल्यावर, आणि आत्याचं घर जळालं हे आजोबांना कळलं ते तिच्या नव्या घराला रंग देऊन झाल्यावर. ताईही त्याच मुशीतली. जिना चढताना धाप लागायची, पाय सुजायचे. दिवसभर वाफेत उभं राहणाऱ्या बाईचे पाय सुजायचेच, म्हणून तिने ते अंगावर काढलं. मूत्रपिंडातला कर्करोग मोठ्या शिरेतून वर चढत हृदयाच्या उजव्या कप्प्यात शिरल्याचं कळलं, तेव्हाही तिचं पहिलं वाक्य हेच होतं… बेबीला कळवू नका.

"हृदयापर्यंत गेलं, ताई!" बेबीचा आवाज चिरकला. "परवा ऑपरेशन, आणि मला पत्ता नाही! बाबांच्या वेळीही हेच केलंस. मी तिकडे परीक्षेचे पेपर लिहीत बसले… घरी आले तेव्हा त्यांची गादीसुद्धा गुंडाळून ठेवली होतीस तू! त्यांचं शेवटचं बोलणं तुला एकटीलाच हवं होतं ना?"

ताईने जळका कपडा उचलला आणि घडी घालायला घेतला.

"ती नाही बोलायची," आई पुढे येत म्हणाली. तिने टेबलाची कड धरली. "तुझ्या बापानेच तिला बजावलं होतं. पोरीची परीक्षा होऊ दे, मग सांग. आणि वर म्हणाले, मी अडवलं असं मात्र सांगू नकोस, जाता जाता बापाने परकं केलं असं वाटेल तिला… ही रडत होती, मला कळवू द्या म्हणत होती. मी तिथेच होते, बेबी. तू हिला वाट्टेल ते बोललीस तेव्हाही तिथेच होते. खरं सांगितलं तर तू माझंही तोंड बघणार नाहीस, या भीतीने मी हिचा बळी दिला!"

बेबी ताईकडे वळली.

"तू एकदा तरी बोलायचंस गं…" बेबी कशीबशी म्हणाली.

"बाबांवर रागावली असतीस," ताई म्हणाली. "ते काही परत येऊन समजूत काढणार नव्हते. माझ्यावर रागावलीस तर मी निदान जागेवर होते."

बेबीने तिला मिठी मारली ती इतकी घट्ट, की ताईला धाप लागली आणि बेबीने घाबरून हात सोडले.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात सर्जनबाईंनी दोघींना समोर बसवलं. आडपडदा न ठेवता त्या सांगत गेल्या. तपासण्यांत गाठ शरीरात दुसरीकडे कुठे दिसत नव्हती, म्हणून ऑपरेशनला अर्थ होता. पण काढताना एखादा तुकडा सुटून फुफ्फुसात गेला तर जीव जाऊ शकत होता. म्हणून रक्त यंत्रातून फिरवायचं, हृदय काही वेळ थांबवायचं, आणि शिर उघडून गाठ अलगद सोडवायची.

"थांबवलेलं परत चालू होतं ना?" ताईने विचारलं.

"होतं."

"नाही, आमचं शटर एकदा पाडलं की अडकतं. म्हणून विचारलं."

सर्जनबाईंनाही हसू आवरेना. बेबी मात्र हसली नाही. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत ती चाकांच्या पलंगाला धरून चालत राहिली.

"बेबी, मी शुद्धीवर आले की खरं काय ते सांग. गोडगोड नको."

"सांगेन. पण तू ये."

…आधी ताईला घशातली कोरड जाणवली, मग छातीतला जडपणा, आणि मग, कुठूनतरी फार लांबून, आपलंच हृदय! ते चालू होतं. डोळे उघडले तेव्हा बेबी वर वाकली होती.

"सांग," ताई पुटपुटली.

"गाठ सगळी निघाली. तुटली नाही. हृदयाचा कप्पा मोकळा झालाय." बेबीने दम घेतला. "उजवं मूत्रपिंड गेलं. शिरेला एका जागी गाठ चिकटली होती, तेवढी भिंत कापून ठिगळ लावलंय. आणि ताई… परत उद्भवू शकतं. तपासण्या चुकवायच्या नाहीत, कधीच."

"ठिगळ बाहेरून दिसत नाही ना?"

"गप्प बस!"

वाईट बातमी होती तीही, पण ताईला केवढं हलकं वाटलं! या घरात प्रथमच कोणी ती वेळेवर सांगितली होती, आणि आता ती एकटीने सांभाळायची नव्हती.

बेबीचा चेहरा वेडावाकडा व्हायला लागला. तिने तोंडावर पदर दाबला आणि घाईने दाराकडे वळली.

"कुठे चाललीस?"

"आलेच… जरा बाहेर…"

ताईने चादरीवरून बोटं सरकवत तिचा हात शोधला.

"बाहेर कशाला जातेस? इथेच रड."