धुतलेल्या मास्कचं कोडं

कोडं असं होतं. विलासमामांचा मास्क बाहेरून इतका मळलेला, की तो मुळात पांढरा होता हे सांगावं लागायचं. ओवीच्या आईचा मास्क मात्र पांढराशुभ्र. दोघंही एकाच यंत्राशी काम करायचे. तरी मामांच्या मास्कमधून शंभरातले चार धूलिकण आत गेले होते आणि आईच्या मास्कमधून एकेचाळीस.

जतजवळच्या माळावर त्यांचा कारखाना होता. पंचवीस-तीस वर्षं उन्हापासून वीज करून थकलेले सौरपट तिथे यायचे. ते फोडून काच आणि धातू वेगळे करायचे. फोडताना उडणारी धूळ इतकी बारीक, की डोळ्यांना दिसायची नाही, पण फुप्फुसात गेली की तिथेच मुक्काम ठोकायची. म्हणून फोडकाम विभागात मास्कशिवाय पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता.

धूळ मोजायला एक यंत्रमानव होता. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण कामगार त्याला मापाड्या म्हणायचे. दर आठवड्याला तो कुणा एकाच्या मास्कमध्ये धूळमापक (आत शिरलेले कण मोजणारं मण्याएवढं उपकरण) बसवायचा. मागच्या आठवड्यात पाळी मामांची होती, या आठवड्यात आईची.

आकडा पाहून सुरक्षा अधिकारी बिराजदार साहेबांनी निष्कर्ष काढून टाकला. ओवीची आई प्रतीक्षा कोळेकर काम करताना मास्क खाली ओढतात, म्हणून सोमवारपासून त्यांना फोडकाम विभागात घ्यायचं नाही, अशी नोटीसही काढली.

"मी मास्क कधीच काढत न्हाई, साहेब," आई म्हणाली.

आकडे खोटं बोलत नाहीत, असं साहेब म्हणाले. मोठ्या माणसांना हे वाक्य फार आवडतं. आकडे खोटं बोलत नाहीत हे खरंच, पण ते सगळंच सांगतात असंही नाही.

सहावीतली ओवी शाळा सुटली की फाटकाबाहेरच्या उपाहारगृहात आईची वाट बघत बसायची. मापाड्याही तिथेच वीज भरून घ्यायला यायचा. आईला खोटं ठरवलं, याचा ओवीला भयंकर राग आला होता. तिने त्याला सरळ विचारलं, की एवढी धूळ आत गेलीच कशी?

"मी मोजतो. कारण शोधणे माझ्या कामात येत नाही," मापाड्या म्हणाला.

"मग आईला न घालता तिचा मास्क मोज. एवढं तर येतं ना?"

ते त्याला येत होतं. त्याच्या पोटात एक चाचणी पेटी होती आणि तिच्यात रबराचा चेहरा. पाळी संपवून आलेल्या आईने मास्क दिला, मापाड्याने तो चेहऱ्यावर घट्ट बसवला आणि पेटीत धूळ सोडली. आकडा आला एकेचाळीस. रबराचा चेहरा काही मास्क खाली ओढत नाही. आई खरं बोलत होती.

ओवी हसणार, एवढ्यात तिच्या लक्षात आलं. दोष मास्कमध्येच असेल, तर एवढे दिवस ती धूळ आईच्या छातीत जात होती. आणि आई पंधरा दिवस खोकत होती.

मापाड्याने शिवण तपासली, पट्टे ताणून पाहिले. कुठे भोक नाही की फट नाही. ओवीने मास्क नाकाशी नेला. त्याला साबणाचा वास येत होता. हा वास तिच्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी आई तो साबणाने खसाखसा धुऊन दोरीवर वाळत घालायची, ओवीच्या पायमोज्यांशेजारी.

तिने ते मापाड्याला सांगितलं. मग त्याने ओवीला कंगवा आणि कागदाचे कपटे आणायला सांगितलं. तिने कंगवा कोरड्या केसांवर घासून कपट्यांवर धरला. कपटे उडी मारून त्याला चिकटले.

"हा स्थिर विद्युतभार (जागच्या जागी थांबून राहिलेली वीज). मास्क म्हणजे चाळण नव्हे. त्याच्या धाग्यांमधल्या फटी या धुळीपेक्षा मोठ्या असतात. कण फटीतून निसटू पाहतो, तेव्हा धाग्यावरचा विद्युतभार त्याला ओढून घेतो. आता कंगवा साबणाच्या पाण्यात बुडव."

तिने बुडवला, पुसला, पुन्हा कपट्यांवर धरला. एकही कपटा हलला नाही.

"केसांवर घासला की कंगव्यात विद्युतभार परत येईल. मास्कमध्ये तो बनवतानाच भरलेला असतो. एकदा गेला की गेला."

मामा मास्क कधीच धूत नव्हते. आळस म्हणा हवं तर. मास्कमधून श्वास घेणं जड वाटलं की ते नवा मागून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ओवीची सकाळची शाळा सुटल्यावर जेवणाच्या सुट्टीत उपाहारगृहात हे ऐकून बिराजदार साहेब म्हणाले, की म्हणजे चूक तुमचीच, धुवायला कुणी सांगितलं होतं? आईने भिंतीकडे बोट केलं. तिथे मोठ्या अक्षरांत पाटी होती: मास्क स्वच्छ ठेवावा.

"आमच्या घरात स्वच्छ म्हंजे साबणानं धुतल्यालं," आई म्हणाली. "धुवायचा न्हाई, हे मला कुणी शिकवलं साहेब?"

मापाड्याने न विचारता आईच्या प्रशिक्षणाची नोंद वाचली. पहिल्या दिवशी एक चित्रफीत दाखवली होती, इंग्रजीतली.

साहेबांनी पाटी पुन्हा वाचली. नीट बसणारा मास्क फुकट देणं, तो कसा वापरायचा हे कामगाराच्या भाषेत शिकवणं, खराब झाला की बदलून देणं, हे कारखान्याचं काम आणि कामगाराचा हक्क. ते आम्ही अर्धंच केलं, असं त्यांनी कबूल केलं आणि आईची नोटीस फाडली.

आईही तिथेच थांबली नाही. खोकला लागला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, म्हणाली. मास्क घालणं, जपणं आणि काही बिघडलं तर लगेच सांगणं, ही माझी जबाबदारी होती. मी उन्हाळ्याचा खोकला म्हणून अंगावर काढला. मग तिने जेवायला बसलेल्या सगळ्यांना विचारलं, "घरी मास्क कोण कोण धुतं?"

एक हात वर आला, मग दुसरा. ओवीने मोजले, अकरा होते. सगळी नेटकी म्हणून ओळखली जाणारी माणसं. त्याच दुपारी सगळ्यांना नवे मास्क मिळाले आणि अकरा जणांसह आईची छाती तपासायला डॉक्टर बोलावले गेले.

पाटीही बदलली. मजकूर आईने सांगितला, ओवीने लिहिला: मास्क धुऊ नका. ओला झाला, फाटला, श्वास जड वाटला, तर नवा मागा. मागायला लाजू नका. मापाड्याने स्वतःच्या कामांच्या यादीत एक ओळ वाढवून घेतली: आकडा वाढला तर आधी कारण शोधणे.

आठवड्याने डॉक्टरांचा निरोप आला, तेव्हा ओवी दोरीवरचे पायमोजे काढत होती. त्यांच्या शेजारचा चिमटा आता रिकामा होता. आई निरोप दोनदा वाचून पायरीवर बसली आणि मोकळेपणाने रडली. खोकला घशापुरताच होता, वेळेवर कळलं, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. बाराही जणांची फुप्फुसं स्वच्छ आहेत.