टाकीला वळसा घालणारी किक

"संध्या संघातून बाद!" राधेश्याम सरांनी शिट्टी फुंकून जाहीर केलं. "हिच्याच किकनं ऑफिसची काच फुटली!"

धावड्याच्या शाळेत सुट्टीतलं फुटबॉल शिबिर सुरू होतं. परवा भोकरदनच्या संघाशी सामना, आणि सगळ्यांत तेज खेळाडूच बाद! संध्याचे डोळे भरून आले. तिची मैत्रीण तृप्ती मात्र सरांकडे बघत राहिली. टोपी नवी, शिट्टी नवी... आणि डोकं? तेही नवंकोरं! कधी वापरलेलंच नाही!

"मी तर तेव्हा पाणी प्यायला गेल्ते गं!" संध्या म्हणाली.

"मंग चल, बघूच!"

त्यांच्यासोबत संघातला वसंताही धावला. चेंडू ठेवायच्या चुन्याच्या खुणेवरून खिडकी दिसतच नव्हती. मधे पाण्याची टाकी, अन् टाकीच्या डाव्या अंगाला उंच भिंत!

"म्हणजे चेंडू टाकीच्या उजवीकडून गेला अन् डावीकडं वळला," तृप्ती म्हणाली. "पायाची आतली बाजू चेंडूच्या कडेला घासली, की चेंडू गरगरत वळतो. पण संध्या डाव्या पायानं मारते. तिचा उजवीकडं वळतो!"

"अन् हे बघा!" वसंता ओरडला. खुणेच्या डाव्या अंगाला मातीत बुटाचा खोल ठसा होता. "किक मारताना सगळं वजन टेकलेल्या पायावर येतं. डावा पाय टेकलाय, म्हणजे किक उजव्याची! आणि बूट केवढा मोठा!"

एवढा मोठा बूट मैदानावर एकाच माणसाचा होता.

तृप्ती गोड आवाजात म्हणाली, "सर, टाकीला वळसा घालणारी किक फक्त टीव्हीवरच जमते ना? तुम्हांला काय जमणार न्हाई!"

"मला? अगं, सकाळीच मारली की!" सरांनी छाती फुगवली. "हे बघ!"

डावा पाय टेकला, उजवा फिरला. चेंडू टाकीला वळसा घालून फुटक्या खिडकीतून थेट ऑफिसात!

मुख्याध्यापिका कौसल्याबाई बाहेर आल्या. साडीवर चहा, हातात चेंडू.

"सर, 'सकाळीच मारली' म्हणालात ना? मी ऐकलं."

"ते... वारा होता, बाई..."

"बिलकुल नव्हता!" तिघंही ओरडली.

"शाब्बास, पोरांनो! डोळे उघडे ठेवून खेळणारे असे खेळाडू हवेत. संध्या, परवा तू खेळणार. आणि सर, आधी हिची माफी मागा. मग झाडू घ्या."

सर पुटपुटत माफी मागून काचा गोळा करू लागले. तृप्तीला त्यांची जराही दया आली नाही.

"सर," ती म्हणाली, "तो कोपरा राह्यला."