खलखल किती?

लहानपणी मला 'र' म्हणता येत नसे. बाबा टेकडीवर रिपीटर जुळवायला गेले की मी घरी सेटपाशी बसून त्यांना सांगायची, "बाबा, अजून खलखल आहे." रिपीटर म्हणजे दुबळे आवाज टिपून ते जोरात सगळीकडे पोचवणारं यंत्र. बाबांच्या हौशी रेडिओवाल्या मित्रांनी माझा शब्दच उचलला. चांगले पन्नाशीचे बाप्ये एकमेकांना विचारायचे, "काय, आज खलखल किती?" मला भारी राग यायचा.

मग एके दिवशी बाबा टेकडीवरून गप्प गप्प उतरले. काय झालं ते आईलाही सांगितलं नाही. पुन्हा एकटे कधी वर गेले नाहीत.

आता त्यांना गच्चीवरच्या मोठ्या सेटपर्यंत जिना चढवत नाही. उशाशी हातातला छोटा सेट असतो. संध्याकाळी मित्रांच्या गप्पा रंगतात, बाबा मध्येच बोलतात आणि कुणालाच ऐकू जात नाही. "म्हातारा झोपला वाटतं आज," परवा एकजण म्हणाला. बाबा बटण दाबून बोलतच होते. मला रडूच आलं.

दोष रिपीटरचा होता. त्याचं स्वतःचं प्रक्षेपण त्याच्या कानावर येऊ न देणारा फिल्टर बिघडला होता, आणि स्वतःच्याच ओरडण्याने त्याचे कान बधिर झाले होते. मीही रेडिओच दुरुस्त करते. रविवारी दुपारी हत्यारं घेऊन एकटीच टेकडीवर गेले.

पाणी शिरलेली केबल बदलली. फिल्टरचा स्क्रू हलक्या हाताने फिरवू लागले. खरखर ओसरली आणि रिपीटरच्या स्पीकरमधून बारीक आवाज आला.

"बाबा, अजून थोडं."

असेल कुणाचं तरी पोर, म्हणून मी स्क्रू जरा आणखी फिरवला.

"आता खलखल नाही!"

माझा हात थबकला. खात्री करायला अँटेनाची केबलच काढली. आता रिसीव्हरला काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

"बाबा, ऐकताय ना?"

केबलचं टोक माझ्या हातात होतं. दुसऱ्या हाताने मी माइक उचलला.

"कोण बोलतंय गं?"

मी माइकचं बटण सोडलं.

"बाबा, तिथे ती बाई कोण आहे?"

मग स्पीकर गप्प झाला. उत्तर माझ्या मागून आलं, अगदी खांद्यापाशी. बाबांचा तो जुना, भरदार आवाज. जरासा कापरा.

"कुणी नाही गं, चिमणे. मी एकटाच आहे इथे."