सौमूला धाप लागली नव्हती

बसा जरा जवळ, कंदील राहू दे तिकडेच. अथमान माझा दोस्त, आपल्या पाते बेटावरच्या दवाखान्याचा एकुलता एक डॉक्टर. त्याने मला हे शपथेवर सांगितलंय, आणि तो थट्टेतही खोटं बोलणारा नव्हता.

खोकल्याच्या साथीचं ते वर्ष. रजब महिन्यातला गुरुवार, म्हणजे दिवस मावळतीलाच बदलतो त्या आपल्या हिशेबाने शुक्रवारची रात्र. रात्रीची, इशाची नमाज आटोपून अथमान सौमूच्या माहेरी निघाला होता. तिची धाकटी बहीण मीझे, तिला ताप. आईने गोळ्या मागवल्या होत्या. देऊन यायच्या, एवढंच काम. पण पाय उचलत नव्हते त्याचे. साथ सुरू झाल्यापासून धड झोप नव्हती, आणि त्या घराची वाट तर नकोच वाटत होती.

कारण सोमवारीच सौमू गेली होती. नवी नवरी. दवाखान्यात आली ती स्वतःच्या पायांनी, हसत. अंगात कणकण, पोट बिघडलेलं, खोकला म्हणाल तर नावाला. मलेरियाची तपासणी केली, निघाला नाही. तरी गोळ्या मलेरियाच्याच दिल्या. आपल्याकडे तापाला दुसरं नाव आहे कुठे? मग बोटाला तो चिमटा लावला, रक्तातला प्राणवायू मोजणारा. आकडा आला सत्तर. एवढ्यावर माणूस गप्पा मारत नाही, धापा टाकतो. हिची तर थट्टामस्करी चाललेली. बोटं नखांपर्यंत लग्नाच्या काळ्या मेंदीने रंगलेली. अथमान म्हणाला, "मेंदी फसवतेय माझ्या यंत्राला. जा घरी, नवरा वाट बघत असेल." पहाटे बोलता बोलताच गेली पोरगी.

तर... कबरस्तान मागे पडलं आणि पाठीमागे चपला वाजल्या.

"कोण आहे?"

"मीच. चला, मीही घरीच चाललेय."

अंधारात बाईमाणसाकडे वळून बघणं बरं नव्हे. तो पुढे, ती मागे. ती लग्नाचं बोलत होती. पिलावात मीठ कमी पडलं म्हणून सासूने कसं नाक मुरडलं, सगळं साग्रसंगीत. पुढे वाळूचा चढ लागला. अथमानला धाप लागली. तो थांबला.

तिचं बोलणं चालूच. मध्ये खंड नाही. श्वास नाही.

आवाज... ओळखीचा.

"दमली नाहीस?" त्याने कसंबसं विचारलं.

"नाही डॉक्टर. तेव्हा तरी कुठे दमले होते?"

...

तो वळला. कोणी नव्हतं.

घरी पोचला तर मीझे मजेत नारळ खवत बसलेली. बहिणीच्या लग्नाची मेंदी तिच्याही बोटांवर. म्हणाली, "डॉक्टर, तोंड बघा तुमचं आरशात. त्या गोळ्या तुम्हीच घ्या आणि झोपा."

आई म्हणाली, "दुपारपासून बरी आहे ती. ठेवा तिथे गोळ्या."

बरीच दिसत होती. अथमान उंबऱ्यापर्यंत गेला. उभा राहिला. मग माघारी फिरला, तिला ओढणी बाजूला घ्यायला सांगितली आणि चिमटा डाव्या कानाच्या पाळीला लावला. कानाला मेंदी नसते.

अडुसष्ट.

"होडी काढायला सांगा," तो म्हणाला.

आई आडवी आली. "एक घालवलीत. आता या धडधाकट पोरीला रात्रीच्या समुद्रात नेताय?"

"हो, मीच घालवली," अथमान म्हणाला. "म्हणून हिला नेतोय." आणि तो तिथेच भिंतीला टेकून रडला. मग आईनेच खालच्या आळीतून नावाडी उठवला.

पलीकडच्या लामू बेटावरच्या इस्पितळात पोचेपर्यंत मीझेचे ओठ निळे पडले होते, तरी ती बडबडतच होती. प्राणवायू लागला, बरेच दिवस लागला. पण वाचली. तिथले डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर हाती काही लागलं नसतं.

त्याच रात्री तिथल्या नर्सने मात्र अथमानला एक विचारलं. "उजव्या कानाला कोणी मोजलं होतं हिचं?"

त्या पाळीवर चिमट्याचा वळ होता. ताजा, खोल.

अथमानने उजव्या कानाला हातसुद्धा लावला नव्हता. बेटावर चिमटा एकच, आणि तो वाटभर त्याच्या खिशात होता.

मीझे आता तुमच्यातल्या कोणाची काकू आहे, कोणाची मावशी. तो वळ अजून गेलेला नाही.