कचरापेटीतले निळे बोळे

"दारातून आत, एक नजर टाकायची आणि बाहेर. दोन मिनिटांचं काम," दादा म्हणाला.

सुट्टी लागल्यापासून दादा, त्याची धाकटी बहीण चिंगी आणि शेजारचा ढब्बू रोज आत्याबरोबर संग्रहालयात यायचे. आत्या तिथल्या प्रयोगशाळेत जुन्या चित्रांचे रंग तपासायची. तिच्या खोलीत काहीही विचारा, काहीही बघा. पण पलीकडच्या दुरुस्तीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. आणि नको म्हटलं तिथेच तर पाय वळतात!

त्या सोमवारी दुपारी खोलीत कुणी नव्हतं. चित्र टेकवायच्या लाकडी घोडीवर समुद्राचं भलंमोठं तैलचित्र होतं, दीडशे वर्षांपूर्वीचं. दूरवर, नखाएवढी एक होडी. चिंगीची नजर मात्र कचरापेटीवर खिळली. आत कापसाचे बोळे होते. खालचे मळकट पिवळे, वरचे सात-आठ निळेशार.

"जुना तैलरंग दगडासारखा घट्ट होतो, ओल्या बोळ्याने फक्त मळ निघतो, असं आत्या म्हणते ना?" ती पुटपुटली. "मग हा निळा कुठून आला?"

"चल, आत्याला सांगू," दादा म्हणाला.

चिंगी थबकली. "आज नको. आपण इथे घुसलो हे कळलं तर उद्यापासून घरी बसवेल. काहीतरी निमित्त काढून उद्या सांगू."

दादाने मान डोलावली. तिथेच चुकलं.

मंगळवारी सकाळी दुरुस्तीच्या खोलीचं दार उघडंच होतं. दुरुस्तीवाले काका पाण्यात बोळा बुडवून चित्र पुसत होते. होडी गेली होती. तिच्या जागी पांढरट डाग.

"काका, इथे होडी होती," चिंगी कशीबशी म्हणाली.

"ती मागाहून कुणीतरी रंगवलेली. हा सगळा निळाच उपरा आहे. मूळचा रंग पाण्याने निघतो होय? परवा प्रदर्शन आहे, मला कामं आहेत."

घोडीच्या पायाशी निळ्या रंगाची एक खपली पडली होती. चिंगीने ती कागदात घेतली आणि ढब्बूला कोपर मारलं. ढब्बू बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हता.

"काका, तुम्ही हे काम शिकलात तरी कसं? अगदी पहिल्यापासून सांगा ना."

काकांना स्वतःबद्दल बोलायला फार आवडायचं. त्यांनी बोळा खाली ठेवला आणि खुर्ची ओढली.

इकडे चिंगीने आत्याला सगळं सांगून टाकलं, फक्त सोमवारचं सोडून. आत्याने खपली पारदर्शक रसायनात बसवली, दिव्याखाली ते रसायन घट्ट केलं, घासून तिची कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"बघ. खाली पांढरा थर, त्यावर थेट निळा, आणि सगळ्यात वर जुनं पिवळं वार्निश. मधे धुळीचा कण नाही. म्हणजे निळा मूळचाच." मग तिने लाल द्रावणाचा थेंब टाकला. निळ्या थराला लाली चढली. "हे द्रावण सरसाला, म्हणजे हाडाकातड्यापासून केलेल्या डिंकाला, लाल करतं. तेलाने निळा पुढे हिरवट पडतो, म्हणून चित्रकाराने तेवढा रंग सरसात कालवला. आणि सरस पाण्यात विरघळतो."

बोलता बोलताच ती धावत सुटली.

ढब्बू काकांच्या तिसऱ्या नोकरीपर्यंत पोचला होता. आत्याचं ऐकून काकांनी पाण्याचं भांडं चित्रापासून लांब सरकवलं. "आधी तपासून घ्यायला हवं होतं," ते एवढंच म्हणाले.

संचालक आले, त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! तुमच्यामुळे जवळजवळ अख्खा समुद्र वाचला."

चिंगीला मान वर करवेना. सगळे गेल्यावर ती आत्याला म्हणाली, "निळे बोळे मी कालच बघितले होते. काल सांगितलं असतं तर होडी राहिली असती ना?"

"हो," आत्या म्हणाली. "राहिली असती. का नाही सांगितलंस?"

"तू रागावशील म्हणून."

आत्याने तिला जवळ घेतलं. "मी इतकी रागावते, हे मलाही आधी कळायला हवं होतं."

मग ती अहवाल लिहायला बसली. 'बिघाड प्रथम लक्षात आला' या ओळीपुढे तिने तिघांचा उल्लेख केला आणि मंगळवारची तारीख घातली.

चिंगीने तिच्या हातातून पेन घेतलं, मंगळवार खोडला आणि सोमवार लिहिला.