थेंब पडलेले ताव

"एक चिंधी मिळेल का हो?"

दारात सायकल आडवी, चेन निसटलेली, दोन्ही हात ग्रीसने काळे... आणि आमच्या हातकागदाच्या कारखान्यात छतापर्यंत सुती चिंध्यांचा ढीग!

"चिंध्या ढीगभर आहेत," मी म्हणाले, "पण त्यांचा आम्ही कागद करतो. पुसायला नाहीत."

"मग हात कुठे पुसू?"

"शर्टाला. तसाही तो वायाच गेलाय."

तो हसला. मेला काय गोड हसला! इतकी वर्षं झाली, पण ते हसू आठवलं की अजून माझं कामातलं लक्ष उडतं.

बाबांचा खांदा त्याच आठवड्यात निखळला होता आणि चित्रकलेच्या एका शाळेची मोठी ऑर्डर अंगावर होती. हा निघाला मोठ्या कागद मिलमधला. मशीनच्या दुरुस्तीसाठी मिल बंद, म्हणून मोकळा. बाबांनी तिथल्या तिथे विचारलं, "आमची ऑर्डर पुरी होईपर्यंत थांबतोस का रे, मिलवाल्या?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "थांबतो की!"

काम दोघांचं. त्याने जाळीचा साचा हौदातल्या पातळ लगद्यात बुडवायचा, उचलायचा, आडवा-उभा हलवायचा. पाणी निथळलं की मी तो ओला ताव लोकरीच्या कापडावर अलगद उलटवायचा. पहिले काही दिवस नुसती टक्कर! मग हात जुळले, 'अहो' जाऊन 'अरे' आलं, आणि गप्पांना ऊत.

"मशीनचा कागद एका बाजूने सरळ फाटतो," तो एकदा म्हणाला. "त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला निजलेले. तुमचा मात्र कुठूनच ऐकत नाही."

"आडवा-उभा हलवतो ना आपण. तंतू एकमेकांत गुंततात."

"गुंततात... होय?"

"कागदाचं बोलतेय मी!"

"मी तरी दुसरं काय म्हणालो?"

माझे कान तापले.

मग थेंब पडायला लागले. ओल्या तावावर हातावरचं पाणी ठिबकलं की तिथे कागद विरळ होतो, आणि वाळल्यावर उजेडासमोर धरला की गोल डाग दिसतो. असा ताव बाद, परत लगद्यात. नवशिक्याचे थेंब पडतात, पण याचा हात तर केव्हाच बसला होता. आणि नेमके सुरू कधी झाले? 'मशीन चालू झालं, ये' असा मिलचा निरोप आल्यावर!

ताव तपासायचं काम माझं. खिडकीशी धरून पाहिलं तर प्रत्येक थेंब डाव्या कोपऱ्यात, एकाच जागी.

"मुद्दाम पाडतोस ना?"

त्याने साचा खाली ठेवला. मग हळूच... "ऑर्डर संपली की जावं लागेल."

"आणि माल वेळेत गेला नाही तर बाबांचं गिऱ्हाईक जाईल, त्याचं काय?"

"तेच तर डोक्यात घोळतंय गं."

"उद्यापासून एक थेंब दिसला तर बघ हं!"

दुसऱ्या दिवसापासून खरंच एकही नाही. स्वच्छ, एकसारखे ताव! गठ्ठा भराभर वाढत गेला, आणि मी रोज उरलेले ताव मोजायला लागले.

एका दुपारी बाबा बाद मालाच्या टबापाशी थांबले. वरचा ताव उचलून खिडकीशी धरला. मग खालचा. मग त्याच्याही खालचा.

"हे कोणी बाद केले?"

"मी..."

"डाग दाखव."

मी शोधायला लागले. कडा पाहिल्या, पोत पाहिला. काही असेल तर ना! एकेक ताव निर्दोष, हलवला की खणखणीत वाजणारा. तिकडे हौदाशी तोही साचा धरून तसाच उभा; त्यातलं पाणी केव्हाच निथळून गेलं होतं.

"अगं, काय झालंय या कागदाला?"

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. "कागदाला काही झालेलं नाही, बाबा. मला... मला हा गेलेला चालणार नाही."

बाबा त्याच्याकडे वळले. "आणि तुझं काय रे?"

दिवसभर बडबडणारा तो प्राणी... नेमका आत्ता अडखळला! "मला पण... म्हणजे... नाही जायचं मला. हिला सोडून नाही."

"मग तोंडाने बोलायचं की! माझी ऑर्डर कशाला बुडवताय?" बाबांनी ते ताव चांगल्या मालावर नेऊन ठेवले. "उद्या घरच्यांना घेऊन ये. आज मात्र हौद रिकामा झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही."

त्याने साचा बुडवला, उचलला, हलवला आणि माझ्या हातात दिला. बोटं माझ्या बोटांवर राहिली, जरा जास्तच वेळ... आणि बाबा मुकाट्याने खिडकीबाहेर बघायला लागले.